फरशीवरची फुगडी

"यांना कोणी शिकवून आणलंय, की या खऱ्याच इथल्या गावातल्या आहेत?"

माझ्या शेजारी बसलेल्या टीम लीडने विचारलं. टेबलावर कुणालाच माहीत नव्हतं. मला होतं. समोरच्या सहा बायकांमधली ती हिरव्या नऊवारीतली, सगळ्यांत पुढची, माझी सख्खी आत्या होती.

ऑफिसच्या सगळ्यांनी शनिवारी पानशेतला, धरणाकाठच्या हॉटेलात यायचं ठरवलं होतं. बार, जेवण आणि संध्याकाळी 'पारंपरिक नृत्य'. मे महिना, त्यामुळे पाणी पार आत गेलेलं. 'लेक व्ह्यू'च्या टेबलांसमोर नुसता भेगाळलेला गाळ. आत्या एकदा फोनवर म्हणाली होती, "आमी शनवारी हाटेलात नाचतो गं. नागपंचमीचं खेळ वैशाखात! देवाला काय वाटत असंल?" मी हसले होते. कुठलं हॉटेल, ते विचारलं नव्हतं.

आत्याच्या गावच्या, मार्गासनीच्या बायका टेम्पोतून उतरून आत आल्या तेव्हाच तिनं मला पाहिलं. पाहिलं, आणि खांबावरून फिरवावी तशी नजर पुढे नेली.

ती असं का करतेय ते मला लगेच कळलं. दिवाळीनंतर ती आंबेमोहोराची पिशवी घेऊन, दोन एसट्या बदलून, माझ्या ऑफिसच्या गेटवर आली होती. मी धावत खाली गेले, पिशवी घेतली. तेवढ्यात ऑफिसमधल्या दोघी येताना दिसल्या आणि मी म्हणाले, "आत्या, तू नीघ, बस चुकेल." बसला अजून तास होता. ती निघाली. त्यानंतर तांदूळ येतो, पण दुसऱ्या कुणाच्या तरी हाती.

मी स्ट्रॉचे तुकडे करत बसले. दोनदा उगाच हात धुऊन आले. फेर झाला, झिम्मा झाला. लोक टाळ्या वाजवत होते, पण बायकांच्या टाळीशी त्यांची टाळी जुळत नव्हती. मग फुगड्या सुरू झाल्या. गावाकडे त्या सारवलेल्या अंगणात होतात. इथं गुळगुळीत फरशी, त्यावर कुणाच्या तरी ग्लासातला बर्फ वितळलेला. आत्याच्या जोडीदारणीचा पाय सटकला. ती घोटा धरून कडेला बसली. बाकीच्या दोन जोड्या गरगरत राहिल्या आणि मधे आत्या एकटी.

"मावशी, थांबू नका!" हॉटेलचा मॅनेजर माइकवरून ओरडला. "एकटीनं करा कायतरी!"

"एकटी कशाला? मी येतो की!" पलीकडच्या टेबलावरचा एकजण ग्लास घेऊनच उठला.

"बसा भाऊ," आत्या म्हणाली. "आदी त्यो ग्लास सांबाळा. फुगडीला दोनी हात लागत्यात."

सगळे हसले. तो बसला, पण ती तशीच उभी. तिनं तळवे पदराला पुसले. फुगडीआधी ती नेहमी पुसते. कडेला बसलेल्या जोडीदारणीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मॅनेजरकडे बघितलं. आमच्या टेबलाकडे नाही.

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तिनंच मला फुगडी शिकवली होती. पावलं जुळव, मागं झुक, घाबरलीस तरी हात सोडू नको. माझे हात कधी जीन्सला पुसून झाले, मला कळलंही नाही.

"कोणीतरी जा ना यार," टीम लीड म्हणाली. "किती ऑकवर्ड आहे हे."

माझी खुर्ची करकरत मागे सरली. आमचं सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. आता आत्यानंही बघितलं, आणि मान जराशी हलवली. नको.

मी खाली वाकले. पट्टा निघेना.

"थांब आत्या," मी म्हणाले, वाटलं होतं त्याहून खूप मोठ्यानं, "सँडल काढते."