मोरांच्या कापडामागची भिंत

धम्मरत्न माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. मीही घातल्यात. सुरतेत डिंडोलीच्या आमच्या गल्लीत त्याची नि माझी खोली एकाला एक लागून. तो मूळचा अकोल्याकडचा, उधन्याला साडीच्या कारखान्यात चेकिंगला. कापडातला इवलासा डागही त्याच्या नजरेतून सुटत नाही, शेठ सगळ्यांपुढे त्याचं नाव घेतो. घरी बायको ज्योती आणि चार वर्षांची चैताली. पोरीत त्याचा जीव अडकलेला.

खाडीचं पाणी घरात शिरून गेलं तेव्हापासून त्याच्या मागच्या भिंतीला ओल धरली. पोपडे निघून पोरीच्या अंथरुणात पडायचे. भिंत खरवडून नीट करायची तर घरमालकाशी भांडावं लागतं, आणि धम्मरत्नला भांडण म्हटलं की घाम फुटतो. मग त्यानं कारखान्यातून रिजेक्ट मालाचा मोठा तुकडा आणला, निळ्या मोरांचा, आणि भिंतीवर खिळ्यांनी ठोकला. निम्म्या गल्लीत असंच करतात. सुरतेत कापडाला काय तोटा! झाकली मूठ सव्वा लाखाची. चैताली तर मोरांना नाक लावूनच झोपायची.

पुढे तिला खोकला सुरू झाला. शिंका, लाल डोळे, छातीत घरघर. औषधानं दोन दिवस बरं वाटायचं की पुन्हा तेच. धम्मरत्ननं ठरवून टाकलं, दोष खाण्यात आहे. केळं बंद, दही बंद, बर्फाच्या गोळ्याचं तर नावच नको. वारा लागू नये म्हणून खिडकीही बंद. कामावरून आला की चप्पल काढायच्या आधी पोरीला विचारायचा, आज काय खाल्लं? ती खोकली की ज्योतीवर डाफरायचा, तूच लाडानं काहीतरी देतेस म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी! ज्योती एकदा म्हणाली, भिंतीला कुबट वास येतोय, कापड काढून बघू. तर म्हणे, रोज कापडच बघतो मी, मला शिकवू नकोस.

परवा दुपारी पोरीला श्वासच घेता येईना. फासळ्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळसर पडले. मी नि ज्योतीनं तिला रिक्षात घालून दवाखाना गाठला. तिथं तोंडाला मास्क लावून वाफ दिली. डॉक्टरीणबाईंनी घराची चौकशी केली, तेव्हा ज्योतीनं भिंतीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तिथं बुरशी असेल तर तीच श्वासात जात असेल, अशा लेकरांना त्यानं दम लागतो. मी तिथूनच धम्मरत्नला फोन लावला नि तोंडाला येईल ते बोलले. येताना घरी जा, म्हटलं, आणि तुझे मोर उलटून बघ.

तो आला तेव्हा हात कोपरापर्यंत काळे. भिंतीवर कमरेइतकी काळी-हिरवी बुरशी माजली होती, म्हणाला. कापडाच्या पाठीवर तर लव आल्यासारखा थर, आणि सगळ्यात जाड पोरीच्या उशीपाशी.

"मी पुढूनच बघत राहिलो, मावशी. आणि ठोकलं ते मीच."

गडी दवाखान्याच्या व्हरांड्यात ढसाढसा रडला. माझा निम्मा राग तिथंच गेला. ज्योतीचा गेला नव्हता, आणि का जावा? हात धुऊन ये, एवढंच ती बोलली.

तोवर पोरीची घरघर उतरली होती. भिंत नीट होऊन कोरडी होईपर्यंत तिला त्या खोलीत निजवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, म्हणून ती माझ्याकडे निजेल असं आम्ही ठरवलं. धम्मरत्न हात धुऊन खाटेजवळ गेला. बापाला बघताच पोरीनं घाईघाईनं मास्क खाली ओढला.

"पप्पा," ती म्हणाली, "मी काहीच नाही खाल्लं."