विलासभाऊंचा हात

ही गोष्ट आईला माहीत नाही, नवऱ्याला नाही. दोनदा सांगायला बसले आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून उठले. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून जमेल कदाचित.

मी वेल्डर आहे. दुधाचे टँकर बनवणाऱ्या एका कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचे सांधे जोडते. लोक कौतुक करतात — बाई असून! मी हसते. ही नोकरी मला मिळाली कशी, ते कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? — नाही. आता कशाला खोटं बोलू.

आयटीआयमध्ये मी लोखंडच शिकले होते. अ‍ॅल्युमिनियम शिकायला वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या एका वर्कशॉपात लागले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. आमच्या गावाहून, आंजीहून, रोज एसटीनं यायची. तिथे विलासभाऊ होते. मालक नावाला, सगळं भाऊंच्या शब्दावर चालायचं, कारण अ‍ॅल्युमिनियमवर तसा हात जवळपास कुणाचा नव्हता. लोखंड तापलं की लाल होतं, माणसाला सावध करतं. अ‍ॅल्युमिनियम रंगच बदलत नाही — आहे तसं चकाकत राहतं आणि एकदम गळून पडतं. तो क्षण भाऊंना आधी कळायचा. मला कळायचा नाही. माझ्या पत्र्याला भोकं पडायची, जोडावर काळपट साय धरायची.

"हे लोखंड नोहे बाई," ते म्हणायचे. "याले हात लागते."

तीन आठवडे मी स्वतःच्या हाताला शिव्या घातल्या. मग एक दिवस भाऊंनी माझा सगळ्यात फुटका पत्रा तारेनं फाटकाला टांगला. वर खडूनं लिहिलं — 'संगीताबाईची चाळणी'. नेमके त्याच दिवशी बाबा कापूस घेऊन वर्ध्याला आले होते, माझं काम बघायला वर्कशॉपात डोकावले. त्यांनी ते वाचलं. सगळे हसत होते. बाबाही हसले — काय करणार होते? मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "जमत नसन त येजो घरी वापस, पोरी."

आणि पुढच्याच आठवड्यात मला दिसलं. स्वतः कामाला बसताना भाऊ मशीनचं एक बटण फिरवायचे, उठताना परत मागे करून ठेवायचे. लोखंडाला एक करंट लागतो, अ‍ॅल्युमिनियमला दुसरा. मला ते तीन आठवडे लोखंडाच्या करंटवर बसवत होते. मुद्दाम.

मी बटण स्वतःच फिरवलं. भाऊंनी पाहिलं. "समजलं का शेवटी?" म्हणाले आणि चहा प्यायला गेले. मी भांडले नाही. भांडले असते तर — पण नाही, ते राहू दे. मी शिकत राहिले, आणि वाट बघत राहिले.

चार महिन्यांनी टँकरच्या कारखान्याचे साहेब एक माणूस निवडायला आले. विलासभाऊंसाठीच आले होते, सगळ्यांना माहीत होतं. कायमची नोकरी होती. भाऊंनी सकाळीच पत्रे घासून ठेवले, जोडात भरायच्या सळ्या एकेक करून पुसल्या, स्वच्छ फडक्यात गुंडाळल्या. अ‍ॅल्युमिनियमला तेल खपत नाही — नखाएवढं तेलसुद्धा आत जाऊन बुडबुडे करतं. हेही मला त्यांनीच सांगितलेलं.

साहेबांना घेऊन ते टपरीवर गेले. मी फडकं उघडलं. बोटांना मशीनचं तेल लावलं आणि प्रत्येक सळीवरून बोटं फिरवली. इतकं पातळ, की दिसूच नये. फडकं होतं तसं गुंडाळलं. इतका स्थिर हात माझा त्याआधी कधी नव्हता.

भाऊ बसले. पहिल्याच इंचाला धूर, काळे ठिपके. ते थांबले. गॅस बघितला, वेल्डिंगचा टॉर्च बघितला, पत्रा पुन्हा पुसला. सळ्या पुसल्या नाहीत — त्या तर त्यांनी स्वतःच पुसल्या होत्या ना. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. साहेबांनी जोड शिकंज्यात धरून हातोडा मारला. तुटला. आत अनारशासारखी जाळी.

साहेब गेल्यावर भाऊ माझ्याजवळ आले. "तू पाहून राह्यली होती ना बाई? काय चुकलं माह्यं?"

मी म्हटलं, "याले हात लागते, भाऊ."

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल — फिटलं, बरोबरीत सुटलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मला सांगायचंय ते पुढचं आहे.

भाऊंनी डोळे तपासून घेतले. डोळे ठीक निघाले. मग ते अ‍ॅल्युमिनियमपुढे बसले की आधीच घाबरायचे, आणि घाबरलेल्या हाताला भोकं पडतातच. पंधरा दिवसांनी त्यांची बायको वर्कशॉपात आली. मी तिला तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मला कोपऱ्यात नेलं. "ताई, तुमी सोबत काम करता. खरं सांगा — यांचा हात गेला का जी? जेवत नाईत, बोलत नाईत."

एका वाक्याचं काम होतं. तिनं माझं काय बिघडवलं होतं? काहीच नाही.

मी म्हटलं, "वहिनी, मी बरेच दिवसांपासून पाहत होते. पहिल्यासारखा नाही राहिला." वर तिच्या खांद्यावर हात ठेवला. हेही केलं मी.

त्या महिन्यात भाऊंनी अ‍ॅल्युमिनियम सोडलं. आता ते लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करतात. सहा महिन्यांनी तेच साहेब पुन्हा आले आणि मी पास झाले.

मागच्या महिन्यात वर्ध्याच्या स्टँडवर भाऊ भेटले. केस पिकलेत. "कशी आहेस?" म्हणाले — पहिल्यांदाच बाई न म्हणता. टँकरबद्दल बारीकसारीक विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाले, "बरं झालं तवा माह्यं काम झालं नाई. माह्या हातानं एखादा टँकर फुटला असता, त कोनाचा जीव गेला असता. देवानंच थांबवलं मले."

माझी गाडी लागत होती. सांगायला वेळ होता — भरपूर होता.

मी म्हटलं, "हो, भाऊ."

आणि मला बरं वाटलं.