फ्लेक्सवरची बाई

आर्णीच्या बसस्टँडमागे बसंतीबाई राठोडांनी ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं, तेव्हा फ्लेक्सवाल्या कपिलला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की नाव मोठं लिहा आणि फोन नंबर त्याहून मोठा. कपिलने उत्साहाच्या भरात जास्तीचं काम केलं. फ्लेक्स चढला तर नावाशेजारी एक बंजारा बाई दात दाखवून हसत होती. आरशांचा घागरा, दंडापर्यंत बांगड्या, केसांत चांदी. खाली ओळ होती, 'अस्सल तांड्याची कलाकुसर'.

बसंतीबाई चष्मा सारखा करून तिच्याकडे बघत राहिल्या. त्या स्वतः सुती साडी नेसत, मनगटात घड्याळ घालत. राहिली कलाकुसर, तर नऊ वर्षांच्या असताना आजीने एकदा हातात सुई दिली होती. त्यांनी कापडावर आरसा उलटा शिवला, चकाकती बाजू आत. आजीने तो तुकडा हसत हसत तांडाभर फिरवून दाखवला आणि सुई काढून घेतली. पुढे यवतमाळच्या शिवणवर्गात मात्र त्यांनी कटोरी, प्रिन्सेस कट, अस्तर असं सगळं घोटून घेतलं. चौदा वर्षं घरी शिवलं. त्यांच्या हातच्या बाहीचा मुंढा काखेत काचला, अशी तक्रार एकदाही आली नव्हती. दुकान चालायचं तर त्या मुंढ्यावर.

नवरा उत्तमसिंग म्हणाला, राहू दे, भारी दिसते. अकरावीतल्या अंजूने मान वर करून विचारलं, "याडी, ही कोण आहे?" आईने सुईत दोरा ओवायला घेतला.

पहिल्या आठवड्यात पाच जणी आल्या. त्यातल्या चौघींना आरसे हवे होते. नाही म्हटल्यावर ब्लाउजची पिशवी न उघडताच त्या परत गेल्या. पाचव्या सुरभी मॅडम, कॉलेजात शिकवणाऱ्या. त्यांनाही कुर्त्यावर आरसेच पाहिजे होते. बसंतीबाईंनी नम्रपणे सांगितलं की ते काम मी करत नाही, पण ब्लाउज द्या.

"अय्या," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही ओरिजिनल नाही?"

मग आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटून त्यांनी घाईने भर घातली, "पण बोलता किती छान. तुमच्यातल्या वाटतच नाही."

बसंतीबाई थँक्यू म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. तासाभराने बाहीवर इस्त्री फिरवताना त्यांना ते थँक्यू आठवलं आणि इस्त्री जागीच थांबली. थोडक्यात बाही जळायची राहिली. मी कशी वाटायला पाहिजे होते? आणि मी आभार कशाचे मानले?

संध्याकाळी अंजूला घेऊन त्या कपिलच्या दुकानात गेल्या. त्याने आधी दाद दिली नाही. लोकाइले ओळख पटली पाहिजे न ताई, म्हणाला.

"तुमी शेतकऱ्याचे न, कपिलभाऊ?"

"हो. बोरी अरब गावचे."

"मंग तुमच्या दुकानावर बैल काहून नाही?"

कपिलला हसू आलं. "मले कुठं बैल जुपता येते? लहानपणी एकानं लात मारली, तवापासून मी लांबूनच."

"अन् मले आरसा लावता येत नाही."

कपिलने कॉम्प्युटर चालू केला, ती बाई पुसली आणि विचारलं, हिच्या जागी काय टाकू? बसंतीबाई जिंकल्याच्या आनंदात होत्या. "टाका एखादी चांगली बाई," त्या म्हणाल्या. "गोरीशी."

"गोरीच काहून?" अंजूने विचारलं.

आवाज साधाच होता. अंजू सावळी, आईवर गेलेली. दर रविवारी बसंतीबाई तिच्या तोंडाला बेसन आणि दही चोळत, उन्हाळ्यात बुधवारीही. पोरीचं पुढे कसं होईल, कोण काय म्हणेल, या काळजीने हात आपोआप वाटीकडे जायचा. तोंड धुताना पोरीच्या मनात काय येत असेल, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कपिल माउसमध्ये काहीतरी बिघडल्यासारखा त्याच्याकडे बघत बसला.

"बाईच नको," बसंतीबाई शेवटी म्हणाल्या. "नुसता ब्लाउज टाका. मागून. मुंढा नीट दिसला पाहिजे."

नवा फ्लेक्स लागला. चार दिवसांनी सुरभी मॅडम भाचीच्या लग्नासाठी रेशमी ब्लाउजपीस घेऊन आल्या. ती बाई कुठे गेली हो, त्यांनी विचारलं.

"सासरी," बसंतीबाई म्हणाल्या आणि टेप काढला. "अन् मॅडम, मी तांड्यावरचीच आहे. अशीच वाटते. हात वर करा."

मॅडमनी हात वर केला. गुरुवारी त्या ब्लाउज घालून पाहायला आल्या, तेव्हा आरशासमोर त्यांनी हात पुढे नेला, मागे नेला, केस बांधून पाहिले. कुठे काचत नव्हतं. जाताना त्यांनी आणखी दोन ब्लाउजपीस टेबलावर ठेवले.

रविवारी अंजू सवयीने ताठ, डोळे मिटून पाटावर बसली. बराच वेळ तोंडाला काही लागलं नाही. तिने एक डोळा उघडला. आई चुलीपाशी होती आणि बेसन-दह्याला हिंग-जिऱ्याची फोडणी बसत होती.

"ऊठ," याडी म्हणाली, "आज कढी आहे."