भट्टीसारखी बंद भिंत

एमिल हुदाकबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. ज्यांना लिहिता येतं ते त्याला ओळखत नव्हते, म्हणून मी लिहितोय. यंग्सटाउन या पोलादाच्या गावात, कारखान्याखालच्या उतारावर, आमची घरं शेजारी शेजारी होती.

एकतीस वर्षं एमिलने पोलादाच्या भट्ट्यांना आतून विटांचं अस्तर लावलं. त्या कामात केसाएवढी फटही चालत नाही. फटीतून वितळलेलं लोखंड बाहेर आलं तर समोरच्या माणसाचं काही उरत नाही. एमिलच्या अस्तरातून कधी थेंब गळला नाही. त्याची बायको मार्गी म्हणायची, "याच्याशी बोलायलासुद्धा फट शोधावी लागते."

कारखाना बंद झाला त्याच हिवाळ्यात मार्गीचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, तळघरातली ओल घरभर चढतेय, या छातीला ती झेपायची नाही. जानेवारीत ती बॅग भरून पन्नास मैलांवर बहिणीकडे, इर्माकडे गेली.

"इर्माचं मांजर माझ्या छातीवर झोपतं," जाताना ती म्हणाली, "पण तिथे मला श्वास घेता येतो. तळघर कोरडं कर, मी येते. नाही झालं तर मी आणि मांजर."

एमिलने कुणा कंत्राटदाराला बोलावलं नाही. जुना रंग खरवडला, सांधे पोखरून त्यात झटपट सुकणारं सिमेंट भरलं, वर पाणी अडवणाऱ्या रंगाचे तीन हात दिले. मी दिवा धरायला जायचो. भिंत काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांची होती. अगदी खालच्या थरात, दर ठोकळ्याला एक, अंगठ्याएवढी भोकं होती. त्यांतून गंजाळ पाणी ठिबकायचं आणि जमिनीवरून वाहत कोपऱ्यातल्या पंपाच्या खड्ड्यात जायचं.

"कुठल्या गाढवाने ही सोडलीत!" एमिल म्हणाला.

माझे वडील तळघरं बांधायचे. तेही अशी भोकं सोडायचे. बाहेरच्या मातीतलं पाणी ठोकळ्यांच्या पोकळीत उतरतं, त्याला बाहेर पडायला जागा लागते. हे मला माहीत होतं. वाक्य तोंडाशी आलं होतं. पण एमिल कारागीर होता आणि मी पोस्टात पत्रं वेगळी करणारा माणूस. तो सिमेंटने भोकं बुजवू लागला आणि मी दिवा पुढे केला. पूर्वेकडच्या भिंतीची भोकं तर मी माझ्याच अंगठ्याने बुजवली.

मार्चअखेर भिंत पांढरीशुभ्र आणि कोरडी झाली. एमिलने फोन केला, "मार्गी, हात फिरवून बघ तू. रंगाचं पीठ लागेल हाताला, पाणी नाही." शनिवारी दुपारी बाराला ती येणार असं ठरलं. शुक्रवारी त्याने कोबीच्या पानांत खिमा-भात भरून ती भांड्यात रचून ठेवली.

त्याच आठवड्यात बर्फ वितळलं आणि त्यावर दोन दिवस पाऊस कोसळला. शनिवारी सकाळी एमिलने माझं दार बडवलं.

"वॉल्ट, चल लवकर."

भिंतीवर एक थेंब नव्हता. पण पूर्वेकडची भिंत मधोमध वीतभर आत आली होती. चौथ्या थराचा सांधा आडवा उघडला होता आणि एमिलने घाईत लावलेले लाकडी टेकू करकरत होते.

"ती फट भरतो," एमिल म्हणाला. "तू सिमेंट कालव."

"एमिल, भोकं पाड."

"काय?"

"खाली, होती तिथेच. ठोकळे पाण्याने भरलेत, मागे माती फुगलीय. पाणी सोडलं नाहीस तर सगळी भिंत आत येईल."

"दहा आठवडे, वॉल्ट! बारा वाजता येतेय ती!"

"माझे वडील सोडायचे अशी भोकं. मला माहीत होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

"जानेवारीपासून."

मला वाटलं, मारतो आता. त्याने छिन्नी-हातोडा घेतला आणि गुडघ्यांवर बसला. पहिलं भोक पडताच तपकिरी पाण्याची धार त्याच्या छातीवर आली. मग दुसरी, मग तिसरी. पंपाला ते पाणी उपसवेना. आम्ही घोट्यापर्यंत चिखलात होतो तेव्हा बाहेर गाडी वाजली.

मार्गी जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिने खाली पाहिलं आणि खोकू लागली. बराच वेळ खोकत होती.

"हे कोरडं?"

"खाली येऊ नकोस. पाच राहिलीत."

"तू तरी वर ये. दोन घास खाऊ बरोबर."

"आत्ता सोडलं तर भिंत आत येईल गं."

"इर्माने गाडी बंदसुद्धा केली नाहीये, एमिल."

"पाचच, मार्गी."

ती पुन्हा खोकली. "कोबी नेते मी," ती म्हणाली. "तुला जमली असेल असं वाटत तर नाही."

वर भांडं वाजलं, मग दार. एमिलचा हातोडा थांबला नाही. गाडी पुष्कळ वेळ तशीच उभी होती. मी ऐकत होतो. तो ऐकत होता की नाही, सांगता येत नाही.

भिंत राहिली. अजून उभी आहे, पोट पुढे काढून. तळघर मात्र पुन्हा कधी कोरडं झालं नाही. मार्गी इर्माकडेच राहिली आणि दोन वर्षांनी तिथेच वारली. तोवर एमिल दर रविवारी जायचा, भांडं परत आणायला म्हणून, आणि दर वेळी ते तिथेच विसरून यायचा.

जानेवारीचा विषय त्याने कधी काढला नाही. पाऊस लागला की माझ्या दारात यायचा आणि म्हणायचा, "वॉल्ट, चल, भोकं बघू." मग आम्ही दोघं दिवा घेऊन खाली बसायचो.