पान वाजलं पाहिजे

गेल्या श्रावणाच्या आधी आमच्या कॉलनीतल्या बायकांनी मला शाल आणि नारळ देऊन घरी बसवायचं ठरवलं. हे मला तोंडावर कुणी सांगितलं नाही. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी शालीचा रंग कोणता घ्यावा हे विचारायला माझ्या पुण्याच्या मुलीला फोन केला, आणि मुलीने मला. "आई, तुझा सत्कार कशाबद्दल आहे गं?" सत्कार कशाबद्दल असतो ते मला चांगलं ठाऊक आहे. शाळेतून निवृत्त झाले तेव्हाही एक झाला होता आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर दुसऱ्या बाई बसल्या होत्या.

आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहायला आलो त्या वर्षापासून श्रावणातल्या दर सोमवारी दुपारी कॉलनीच्या महादेवाच्या मंदिरात पोथी मी वाचते. पंचवीस श्रावण झाले. सोमवारी नेमकं नळाला पाणी आलं तर अर्धा तास उशीर होतो, नाहीतर चारच्या ठोक्याला सुरू. मी चौरंगासमोर बसते आणि मोठ्याने वाचते. समोर वीस-बावीस बायका आपापली पोथी मांडीवर घेऊन बोटाने ओळ धरतात. सगळ्यांची पोथी एकाच छापाची, त्यामुळे माझं पान संपतं तिथेच त्यांचंही संपतं. मी पान उलटते आणि पाठोपाठ वीस पानं उलटतात. तो एकदम उठणारा सळसळाट आमच्याकडे घंटेइतकाच महत्त्वाचा मानतात. जिचं पान मागे राहतं तिच्याकडे अक्का डोळे वटारून बघतात.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर माढ्याजवळच्या खेड्यातलं, वय पंचाहत्तरच्या पुढे. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात आणि मंदिरात माझ्या उजव्या हाताला बसतात. ती जागा त्यांची, कुणी तिथे बसायचं धाडस करत नाही. पोथीचं सोवळं-ओवळं, नैवेद्य, कुणी पाय कसे ठेवले, सगळ्यावर त्यांची नजर. पंचवीस वर्षांत त्यांचं पान एकदाही चुकलेलं नाही.

चुकायला लागले ती मी. दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांच्या पडद्याला मधोमध काहीतरी झालं. कडेचं सगळं दिसतं. दारातून कोण आलं, खिडकीवर कावळा बसला, सगळं. पण ज्याच्याकडे टक लावून बघावं तेच पुसट होतं. डॉक्टर म्हणाले, चष्म्याने काही होणार नाही, अक्षर मोठं करून वाचा. पोथीचं अक्षर मी कुठून मोठं करू? गेल्याच्या गेल्या श्रावणात मी काही ओव्या आठवणीवर रेटून नेल्या, एक ओळ दोनदा वाचली, आणि एका सोमवारी चक्क अर्धं पान गाळलं. कुणी काही बोललं नाही. पण शाल त्याच दिवशी ठरली असणार.

मुलीला मी फोनवरच सांगितलं, "रंग कुठलाही सांग, मी जागा सोडणार नाही." ती हसली. आठ दिवसांनी आली तेव्हा तिच्या पर्समध्ये पाटीसारखं एक पातळ यंत्र होतं. पुस्तकं वाचायचं. मला पहिल्यांदा राग आला. मोबाइलवर वाचून झालं होतं माझं. पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी येतं, आणि ओवीच्या मध्येच कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस टपकतो. "आई, हे मोबाइल नाही," ती म्हणाली आणि मला बाल्कनीत उन्हात घेऊन गेली. आमच्या सोलापूरच्या उन्हात मोबाइलची काच नुसता आरसा होते. ह्याचं तसं झालं नाही. कागदावर शाईने छापावं तशी काळी अक्षरं उन्हात उलट जास्तच ठळक दिसली. एकदा चार्ज केलं की दोन-तीन आठवडे बघायला नको म्हणाली. फोन येत नाही, व्हिडिओ लागत नाही. वाचण्याशिवाय त्याला दुसरं काहीच येत नाही हे ऐकल्यावर माझं त्याच्याबद्दलचं मत बदललं.

पण पोथी काही सरळ हाती लागली नाही. मुलीने आधी घातली ती छापील पानांचे फोटो काढून केलेली फाइल. अक्षर मोठं करायला गेलं की सगळं पानच फुगायचं, ओळीचा शेवट पडद्याबाहेर जायचा आणि मी पान डावीकडून उजवीकडे सरकवत बसायची. मग तिने खरं ई-पुस्तक शोधलं. त्यात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप पुन्हा मांडल्या जातात, काही बाहेर जात नाही. तेही पहिल्यांदा उघडलं तेव्हा जोडाक्षरं मोडलेली, 'श्री'चे तुकडे इकडे-तिकडे पडलेले. तिने फॉन्ट बदलला, काय काय केलं, आणि एकदम पडद्यावर माझ्या वर्गातल्या फळ्यावर असायचं तेवढं अक्षर उभं राहिलं. एका वेळी सहा ओळी. मी पहिली ओवी न अडखळता वाचली. दुसरी वाचली. तिसरीला मला रडू आलं, आणि ते मी मुलीपासून लपवलंही नाही.

मंडळाच्या बैठकीत मी ते यंत्र सतरंजीवर ठेवलं आणि सांगितलं की ह्या श्रावणात मी ह्यावर वाचणार. अध्यक्षीणबाई शालीची घडीवर घडी घालत बसल्या. एकजण म्हणाली, पोथीला पावित्र्य असतं. दुसरी म्हणाली, ह्याच्यात आणखी काय काय असेल कुणी सांगावं. आणि सगळ्यांत वर चढला तो अक्कांचा आवाज.

"पोथी म्हंजी पोथी. पाटीवर महादेव वाचत्यात व्हय? आमच्या मंदिरात हे चालायचं न्हाय."

"का चालायचं नाही?" मी म्हणाले. "आधी पोथ्या हातांनी लिहायचे. छापखान्यातली पोथी पहिल्यांदा कुणी देवळात आणली असेल, तेव्हाही असंच कुणीतरी तोंड वाकडं केलं असेल. आज तुमच्या मांडीवर आहे ती छापलेलीच ना? देवाला अक्षर लागतं. ते कशावर आहे ह्याची चौकशी तो करत नाही."

"देवाचं तुला लई कळतंय की."

"मला वाचायचं कळतं. अजून कळतं. ज्या दिवशी कळणार नाही त्या दिवशी मी आपण होऊन उठेन. शाल आणलीच आहे तर द्या, आसन तसंही पातळ आहे."

जिभेला हाड नाही असं माझ्याबद्दल कॉलनीत म्हणतात ते उगाच नाही. शाल मी तिथेच घेतली आणि पहिल्या सोमवारी आसनावर अंथरून तिच्यावर बसले.

पहिल्याच सोमवारी घोळ झाला. आमच्यात वाचन सुरू करण्याआधी पोथीला हळद-कुंकू वाहतात. अध्यक्षीणबाईंना यंत्राचं सोवळं मान्य नव्हतं, पण रीत चुकवायची छाती त्यांची नव्हती. त्यांनी बोट हळदीत बुडवलं आणि पडद्याच्या बरोबर मध्यावर टेकवलं. पान उलटलं. कुंकवाचं बोट टेकवलं, आणखी एक उलटलं. मग बेलाचं पान ठेवताना त्यांची बोटं सगळीकडे लागली आणि पोथी अध्यायच्या अध्याय ओलांडून सरसर पळाली. मी चष्मा सारखा करण्याच्या गडबडीत होते. मोठं अक्षर समोर आलं आणि मी खणखणीत आवाजात वाचायला लागले. आवाज असा लागला होता की विचारू नका. चार-पाच ओव्या झाल्यावर समोरून कुणीतरी म्हणालं, "बाई, हा पाचवा अध्याय झाला की! आपला अजून पहिलाच चाललाय." सगळ्याजणी हसल्या. पानं पुढे-मागे करायला लागल्या, ह्या पोथीत बघ त्या पोथीत बघ सुरू झालं. मीही हसले आणि पदराने हळद पुसून मागे जायला लागले.

आणि तेव्हा मला कडेचं दिसलं. समोरचं जितकं पुसट तितकं कडेचं लख्ख. माझ्या उजव्या हाताला अक्का बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर पोथी पहिल्याच पानावर होती, जिथे डाव्या बाजूला महादेवाचं रंगीत चित्र आहे. बाकीच्या पानं शोधत होत्या, त्यांनी काही शोधलं नाही. त्यांचं बोट शांतपणे ओळीवरून चाललं होतं, ओठ हलत होते. मी वाचायची थांबले होते तरी बोट चाललंच होतं.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मोठ्या अक्षरामुळे माझ्या यंत्रात पानं ढिगाने झाली होती, अंगठा लावला की मुकाट उलटत होती. समोरच्या बायका ओळ धरून आपापलं पान उलटत होत्या, कुणी आधी कुणी नंतर. अध्याय संपला तरी अक्कांच्या मांडीवर महादेवाचं चित्र तसंच होतं.

पहिली-दुसरीच्या वर्गांवर मी एकतीस वर्षं काढली. न वाचता येणारं मूल कसं वाचतं हे मला विचारा. ते बोट ओळीवर ठेवतं, ओठ हलवतं आणि शेजारच्याचं पान उलटलं की आपलं उलटतं. असली किती मुलं मी पहिल्या आठवड्यात हेरली आणि पुढे आणून बसवली. आणि माझ्या घरातली बाई पंचवीस वर्षं माझ्या उजव्या हाताला बसून माझ्या पानाच्या आवाजावर पान उलटत होती, आणि मला पत्ता नव्हता. आरतीभर मला स्वतःची लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या. मला बघून कुटायच्या थांबल्या नाहीत.

"अक्का, माझ्या यंत्राचं तुम्हाला नेमकं काय खुपतं?"

बत्ता चालूच. मी तिथेच फरशीवर बसले. त्या खाली बघूनच म्हणाल्या, "ते वाजत न्हाय."

एवढंच. मला जे कळलं होतं ते मला कळलंय हे त्यांनाही कळलं. त्यांनी बत्ता बाजूला ठेवला.

"तुजं भावजी हुते तवा सही तेवढी शिकविली हुती. ब्यांकेपुरती," त्या म्हणाल्या. "पोथी माजी पाट हाय समदी. तू म्हणतीस त्याच्या आदी माज्या तोंडात असती. पन पान कुटं संपतंय ते मला न्हाय कळत. ते तुज्या पानावर चालायचं माजं."

मी एकदम उत्साहाने बोलून गेले. मास्तरीण गप्प बसते थोडीच! म्हणाले, अक्का, मी शिकवते. यंत्रात अक्षर वाटेल तेवढं मोठं होतं, एकेक अक्षर तळहाताएवढं करता येतं. रोज दुपारी या, कुणाला कळणार नाही, दिवाळीपर्यंत वाचायला लागाल.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मंडळात मी जसं बघितलं होतं ना, तसंच.

"न्हाय. मला काय शाळंत जायचं न्हाय आता. माज्यात काय कमी हाय म्हनून तू भरायला निगालीस? तुला तुजी पाटी पायजे, तू कुनाचं ऐकलंस का? मग मला बी सांगू नगंस. तू वाच पाटीवर. पन पान वाजलं पायजे."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी शिकायला नाही म्हटलं आणि मला ते पटलं. त्यांनी चटणी वाटीत काढून दिली, मी ती घेऊन वर आले.

पुढच्या सोमवारी मी यंत्र चौरंगावर ठेवलं. पडद्यावर हळद-कुंकू लागू नये म्हणून वर झाकण घातलं आणि अध्यक्षीणबाईंना त्यावर वाहायला सांगितलं. मग पिशवीतून माझी जुनी कागदी पोथी काढली आणि मांडीवर उघडली. तिच्यातलं एक अक्षरही मला आता दिसत नाही. पण कुठलं पान कुठल्या ओवीवर संपतं ते पंचवीस श्रावणांनी माझ्या अंगात मुरवलंय. नजर वर यंत्रावर ठेवून मी वाचत गेले, आणि पहिल्या पानाची शेवटची ओवी आली तशी उजव्या हाताने मांडीवरचं पान उचललं आणि चांगलं खडखडीत वाजवून उलटलं.

अध्यक्षीणबाई पुढे झुकून म्हणाल्या, "अहो, मशीन आहे ना तुमच्याकडे? मग कागद कशाला वाजवताय?"

"माझी मर्जी," मी म्हणाले.

कडेने मला दिसलं. महादेवाचं चित्र पानाखाली झाकलं गेलं आणि अक्कांचं बोट दुसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीवर आलं. समोरची एकजण मागे राहिली होती, तिच्याकडे त्या डोळे वटारून बघत होत्या.