कुलपाचा लंबक

आमच्या फिजिक्सच्या सरांची पट्टी स्टीलची होती. ते ती आडवी मारायचे नाहीत, धारेकडून मारायचे, थेट बोटांच्या पेरांवर. पोरगी आहे म्हणून सूट वगैरे काही नाही. बारावी सायन्सला आम्ही चाळीसेक जण, त्यातले सरांच्या क्लासला जाणारे सोडले तर बाकी सगळ्यांची पेरं कायम सुजलेली. मी क्लासला नव्हते. क्लास संध्याकाळी सातला, आणि आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीकडची शेवटची एसटी साडेसहाला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन वाक्यांत विषय मिटवला होता. "घरीच कर अभ्यास. नापास झालीस तर श्रीगोंद्याचं स्थळ तयारच हाय." ही नुसती धमकी नव्हती. ती माणसं मला बघून, पोहे खाऊन गेली होती.

अण्णा कारखान्याच्या काट्यावर होते. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की वजनाचा आकडा बघून पावतीवर लिहायचा, हे त्यांचं काम. मी दहावीत असताना काही शेतकऱ्यांनी ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर मोजली आणि मग आमच्याकडे आणली. वजन कमी भरलं. त्यांनी अण्णांना केबिनमधून ओढून काढलं आणि उसानंच बदडलं. एक ऊस मोडला की ट्रॉलीतून दुसरा उपसायचे. पुढचे दोन दात गेले. घरी आल्यावर न्हाणीत रक्त थुंकत अण्णा मला म्हणाले, "आकडा काट्याचा हुता, माझा न्हाई. तुझ्या गळ्याची शपथ." पुढे वर्गातलं एक पोरगं मला काटामाऱ्याची पोरगी म्हणालं, तेव्हा मी त्याच्या कपाळावर कंपासपेटी घातली. तीन टाके पडले. मला लई बरं वाटलं.

बारावीच्या वर्षी नगरला एसटी स्टँडाजवळ सायबर कॅफे निघाला होता. मी एक शनिवार आड मावशीकडे जायचे, आणि ती बाजार करेपर्यंत तासभर त्या प्लायवुडच्या खुराड्यात बसायचे. एक वेबसाईट सापडली होती, तिथं विद्यार्थ्यांनी शाळेतले प्रश्न लिहायचे आणि कुठले कुठले रिटायर झालेले मास्तर उत्तरं द्यायचे. माझ्या वाट्याला अमेरिकेतला एक म्हातारा आला. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, केमिस्ट्रीत मोल म्हणजे काय? पंधरा दिवसांनी जाऊन बघते तर उत्तराऐवजी त्याचाच प्रश्न: तुला काय वाटतं? अरे मेल्या, मला वाटत असतं तर तुझ्या दारात कशाला आले असते! मी प्लायवुडवर अशी बुक्की मारली की पलीकडचा माणूस उठून उभा राहिला. आम्हाला गाईडातलं उत्तर पाठ करायची सवय. हा बाबा एकेका प्रश्नासाठी महिनाभर झुलवायचा. पण मोल मला कळला, तो त्याच्यामुळंच.

मग लंबकाचा प्रयोग आला. आमच्या प्रयोगशाळेत एक स्टँड, एक बंद पडलेलं स्टॉपवॉच आणि चाळीस पोरं. त्यामुळं रीत अशी होती की प्रयोग करायचाच नाही. सर फळ्यावर आकडे लिहायचे, मागच्या वर्षीच्या जर्नलमधले, आणि सगळ्यांनी उतरवायचे. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर सगळ्यांचं नऊशे ऐंशी, दरवर्षी, काटेकोर. मी तेच आकडे म्हाताऱ्याला पाठवले, आलेख कसा काढायचा ते विचारायला. त्यानं लिहिलं, इतके सुबक आकडे खरोखर मोजणाऱ्याला मिळत नाहीत. हे तू मोजलेले नाहीस. आधी मोज, मग बोलू.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला खोटारडी म्हणतो? घरी येऊन मी दाराचं लोखंडी कुलूप काढलं, दोरा बांधून न्हाणीच्या आडव्या वाशाला टांगलं. वाशापासून गाठीपर्यंत मोजून ऐंशी सेंटीमीटर. अण्णांच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर वीस हेलकावे मोजले. एकदा नाही, दहा वेळा. हिशेब केला तर उत्तर नऊशे पन्नास. पुन्हा मोजलं. पुन्हा नऊशे पन्नास. माझा स्वतःचा आकडा! फळ्यावरचे आकडे उतरवलेलं जर्नलचं पान चिकटवून टाकलं आणि पुढच्या पानावर तोच लिहिला.

जर्नलवर सरांची सही नसली तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत, आणि प्रॅक्टिकल गेलं की बारावी गेली. सरांनी पान बघितलं. "फळ्यावर काय आंधळ्यांसाठी लिहितो का मी? कुणाच्या क्लासला जातेस?" मी म्हटलं, "सर, हे मी मोजलंय." पट्टी बसली. एक, दोन, तीन. चौथ्याला मधल्या बोटाची कातडी सोलली आणि रक्त जर्नलवर पडलं. मग त्यांनी ते पान टराटरा फाडलं. तिथं माझं भान सुटलं. मी त्यांच्या हातातली पट्टी हिसकली आणि त्यांच्याच पेरांवर धारेकडून हाणली.

दुसऱ्या दिवशी अण्णांना बोलावणं गेलं. ते स्टाफरूममध्ये आले, सरांना हात जोडले आणि काही न विचारता माझ्या कानफटात अशी दिली की मी कपाटावर जाऊन आपटले. "मास्तरावर हात टाकतीस, भवाने?" कान सुन्न झाला होता. तसंच मी ओरडले, "सरांनी खोटे आकडे लिहायला सांगितले. मी खरे लिहिले! तुमच्याच घड्याळावर मोजले, अण्णा!" अण्णांचा दुसऱ्यांदा उचललेला हात वरच राहिला. सर म्हणाले, "नऊशे ऐंशी लिहून आणा, सही देतो. नाहीतर न्या घरी." अण्णा म्हणाले, "लिव्हंल ती."

बाहेर पायरीवर त्यांनी मला बसवलं. स्वतः उभेच राहिले.

"लिव्हून टाक."

"तुम्ही नाही लिहिलंत खोटं. मार खाल्लात, पण लिहिलं नाहीत."

अण्णा माझ्याकडं बघत नव्हते. "लिव्हत हुतो," ते म्हणाले. "किती कापायचं ते साहेब सांगायचा. रोज लिव्हत हुतो. आजबी लिव्हतो."

"आणि माझ्या गळ्याची शपथ?"

"दात बरोबर पडले माझे," ते म्हणाले.

मी उठून त्यांच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. सोललेल्या बोटांनी आपटल्या, त्यांच्या पांढऱ्या शर्टाला माझं रक्त लागलं. त्यांनी माझे हात धरले नाहीत की मला मारलं नाही. येणारीजाणारी पोरं बघत होती. मी दमले तेव्हा खाली बसले, आणि गुडघ्यावर जर्नल ठेवून नऊशे ऐंशी लिहिलं.

सही मिळाली. प्रॅक्टिकलला तीसपैकी अठ्ठावीस पडले. श्रीगोंद्याच्या लोकांना अण्णांनी नकार कळवला.

मधल्या एका शनिवारी मी कॅफेत जाऊन म्हाताऱ्याला खोटंच लिहिलं होतं: आधी नऊशे पन्नास आलं, मग पुन्हा मोजलं, आता नऊशे ऐंशी. प्रॅक्टिकल झाल्यावर गेले तेव्हा त्याचं उत्तर आलेलं होतं. शाब्बास, त्यानं लिहिलं होतं, मग पहिल्या वेळी काय चुकलं होतं, ते सापडलं का?

मी तिथं बसून कुलूप डोळ्यांसमोर आणलं. दोरा, गाठ, खाली लोखंड. मी गाठीपर्यंत मोजलं होतं. मोजायचं होतं कुलपाच्या मध्यापर्यंत. एक इंच राहिला होता. कॅफेच्या पावतीच्या पाठीवर तो इंच मिळवून हिशेब केला. नऊशे ऐंशी. माझेच आकडे, न्हाणीतले, कुणाचं खोटं न घेता. म्हाताऱ्याला मी काही लिहिलं नाही. पुन्हा कधीच लिहिलं नाही.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. इंच कुठं गेला ते दाराच्या कुलपावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी कुलूप हातात घेऊन उलटंसुलटं फिरवलं. "मंग मास्तरानं पान फाडलं कशाला?" ते म्हणाले.

"पान त्यांनी फाडलं," मी म्हणाले. "खोटं तुम्ही लिहायला लावलंत."

उसाचा हंगाम चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अण्णा काट्यावर गेले.