नर्सबाईंनी लावून दिलेलं व्रत

"दात दाखव," हे आमच्या नर्सबाईंचं पहिलं वाक्य. मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईला वाटायचं, आपण चुकून दातांच्या दवाखान्यात शिरलो. बाई तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायच्या, हिरड्यांवरचा तंबाखूच्या मिसरीचा काळा थर बघायच्या आणि म्हणायच्या, "गुडाखू घासते. बीज कसं धरन?"

सत्तरच्या दशकाची अखेर. लाखनीला हमरस्त्यालगतच्या त्या खाजगी दवाखान्यात मी केसपेपर लिहायचो. नागपूरचे डॉक्टर बुधवारी यायचे, बीज पिकवायच्या गोळ्या लिहायचे आणि दुपारच्या बसने परत जायचे. बाकीचे दिवस राज्य नर्सबाईंचं. त्यांना सगळंच कळे, आणि जे कळत नसे ते त्या जास्त ठामपणे सांगत. बाईच्या बीजाची तयारी तीन महिने आधीपासून चालते, तंबाखू, उपास आणि जागरण त्याचा नास करतात, हे त्या येईल त्याला ऐकवायच्या. "अन् वय," असं पुटपुटून मात्र विषय बदलायच्या.

नवऱ्यांना तर त्या उभं सोलायच्या. "धानाचं बी राखाले ढोली सारवता, कडुलिंबाचा पाला टाकता. अन् हिले काय देता? भांड्याची खरवड?" नवरा छताकडे बघत बसायचा. तुम्हीही असे नवरे पाहिले असतील. नसतील तर आरशात बघा.

एकदा जवळच्या खेड्यातली एक सासू सुनेला घेऊन आली. वय तीस, असं तिने सांगितलं आणि मी निमूट लिहिलं. बाईंनी सुनेला सहज विचारलं, तुझ्या धाकट्या बहिणीचा पोरगा काय करतो? तो कॉलेजात होता. बाईंनी माझा आकडा खोडून चाळीस केला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मॅट्रिक झाल्याची मला लाज वाटली.

सासूने सुनेच्या देखतच सांगून टाकलं, की मुलासाठी दुसरी पोरगी बघून ठेवली आहे. धान कापून झालं की लग्न. सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

तिचे सोमवार, गुरुवार, शनिवार उपासाचे. उरलेल्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते. बीज कधी सुटतं ते कळावं म्हणून डॉक्टरांनी रोज उठल्याबरोबर थर्मामीटर लावून आकडा लिहायला सांगितलं होतं. महिनाभराचा तक्ता बघितला तर तिला रोज ताप. सून पहाटे चूल पेटवून, चहा पिऊन मग थर्मामीटर तोंडात धरायची. बाईंनी डॉक्टरांच्या शिक्क्याचा आहाराचा कागद दाखवून तीनदा समजावलं. सासूचं उत्तर ठरलेलं, की आम्ही पेज पिऊन सहा लेकरं काढली.

चौथ्या खेपेला बाईंनी आहाराचा कागद बाजूला ठेवला आणि आवाज खाली आणला. "मावशी, एक व्रत हाय. पन कडक हाय. तुमच्यानं होनार नाही."

"काहून होनार नाही?" सासू दुखावली.

मग व्रत निघालं. सुनेने दिवस उगवल्यावरच उठायचं. उठल्याबरोबर काचेची नळी जिभेखाली धरून पाच मिनिटं मौन. चूल सासूने पेटवायची. पहिलं ताट सुनेचं, घरच्या गडीमाणसांच्याही आधी, सासूच्या हातचं, गरम भात, वरण आणि तळ्यातली मासोळी. व्रताला मासोळी कशी, असं सासूने विचारलंच. हे वेगळं व्रत आहे, बाई म्हणाल्या. गुडाखू वर्ज्य, दुसरा उपास वर्ज्य, आणि व्रत चालू असेतो घरात लग्नकार्य नाही. मोडलं तर सासूच्या मुलाला बाधा.

मी रजिस्टरमध्ये तोंड खुपसलं. नंतर म्हणालो, बाई, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. त्या म्हणाल्या, "तुमच्या कागदानं कोन जेवलं?"

डॉक्टरांच्या शिक्क्याने जे तीन महिन्यांत झालं नाही ते दुसऱ्या सकाळी सुरू झालं. सून थर्मामीटर लावून बसली की सासू म्हणे समोर हात जोडून उभी राही. तक्ता ताळ्यावर आला, सुनेच्या गालांवर मांस आलं. डॉक्टरांनी आपल्या गोळ्यांची पाठ थोपटली. बाईंनी थोपटू दिली.

फक्त दिवस राहिले नाहीत. धान कापलं, बघितलेल्या पोरीच्या बापाने वाट बघून तिला दुसरीकडे दिलं. मग सासू उद्यापन विचारायला आली. मांडीवर लेकरू घेऊनच ते करावं लागतं, असं सांगून बाईंनी तिला वाटेला लावलं.

ती गेल्यावर मी विचारलं, होईल का लेकरू?

"चाळिशीतलं बीज हाय. मले पहिल्याच दिवशी मालूम होतं."

मला राग आला. त्या धडधडीत खोटं बोलल्या होत्या. पण इतकी खरी माणसं भेटली, त्यांतल्या कुणाची मला त्यांच्याइतकी आठवण येत नाही.

पुढे बाई निवृत्त होऊन भावाच्या गावी गेल्या आणि तिथेच वारल्या. मला कळलं ते फार उशिरा. त्यानंतर एकदा कामानिमित्त त्या खेड्यात गेलो, तर सासूने जेवायला थांबवून घेतलं. तिला आता धड दिसत नव्हतं. गडीमाणसं आणि मी ओसरीवर वाट बघत होतो, आणि ती चाचपडत पिकल्या केसांच्या सुनेपुढे पहिलं ताट ठेवत होती.

"भाऊ, बाई त गेली," ती म्हणाली. "लेकराबिगर ते उद्यापन कसं करतेत, तुमाले मालूम हाय का?"

सुनेचा घास हातातच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, मला नाही माहीत. सून खाली मान घालून जेवू लागली.